ऑलिव्ह जारची खापरं: काळ कसा ठरवायचा? (फ्लोरिडा-कॅरिबियन, स्पॅनिश वसाहतकाळ)

पाटीवरचा:

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या उत्खननातली खापरं पुन्हा वर्गवारी करून नोंदवायची आहेत. काही जमिनीवरच्या खड्ड्यांतली, काही उथळ पाण्यातून काढलेली. जुन्या नोंदवहीत निम्म्याहून जास्त मालासमोर नुसतं 'ऑलिव्ह जार' (स्पॅनिश जहाजांवरून माल न्यायचा मातीचा जार) लिहिलंय. काठ आहे की बूड, झिलई आहे की नाही, काहीच नोंदलेलं नाही.

समोर आहेत ती बहुतेक अंगाची खापरं. रंग फिकट बदामी ते गुलाबी-केशरी. बाहेरून पांढरट साय आल्यासारखी दिसते, काहींना आतून हिरवी झिलई आहे, काहींना आतून काळं काहीतरी चिकटलंय. काठाचे तुकडे थोडेच. त्यातले दोन-तीन जाड, कड्यासारखे. एक मात्र पातळ आणि बाहेर वळलेला, त्याच्याजवळ कानाचा तुटका बुंधा.

प्रश्न असे:
नुसत्या अंगाच्या खापरावरून काळ सांगता येतो का? पांढरा थर म्हणजे लेप समजायचा का? झिलई असेल तर तेल आणि काळं असेल तर वाइन, हे समीकरण कितपत खरं? आणि समुद्रातून आलेल्या मालाची पांढरी पुटं काढायला पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरलं तर चालेल का?

भारतात टॉर्पिडो जार (इराक-इराणकडून आलेले टोकदार बुडाचे जार) हाताळलेल्यांनीही लिहा. पोत वेगळा आहे हे कळतं, पण अंगाचं छोटं खापर हातात आलं की गडबडायला होतं.

---

काठ_आणि_बूड:

आधी अ‍ॅसिडची बाटली लांब ठेवा. त्यावर खाली कुणी लिहीलच, मी ओळखण्याबद्दल लिहितो.

'ऑलिव्ह जार' हे नाव चिकटलंय म्हणून चालवून घ्यायचं, इतकंच. स्पॅनिश कागदपत्रांत या भांड्याला बोतिहा म्हणतात आणि त्यातून ऑलिव्हपेक्षा वाइन, तेल आणि व्हिनेगरच जास्त गेलं. मध, हरभरे, केपर, डुकराची चरबी, डांबर हेही गेलं. त्यामुळे नोंदीत प्रकाराचं नाव लिहा, पण 'वापर: ऑलिव्ह साठवण' असा रकाना भरू नका.

काळाची ढोबळ चौकट 1960 साली पुरातत्त्वज्ञ जॉन गॉगिन यांनी मांडली आणि पुढच्यांनी तीच ताणून-आवळून वापरली: आरंभीचा प्रकार साधारण 1500 ते 1570, मधला 1560-80 पासून 1780 पर्यंत, उत्तरकालीन त्यानंतर 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत. सीमारेषांत दहा-वीस वर्षांचा फरक प्रत्येक अभ्यासकाकडे दिसेल, त्यावरून भांडत बसू नका. मधला प्रकार दोनशे वर्षं चालतो, म्हणजे 'मधला' एवढंच लिहून काळ सांगितल्यासारखं होत नाही. खरी अडचण ती आहे.

तुमचा तो पातळ, बाहेर वळलेला काठ आणि कानाचा बुंधा हा बहुधा संग्रहातला सगळ्यात बोलका तुकडा. आरंभीच्या बोतिहाचं अंग दोन्ही बाजूंनी दाबलेलं, पखालीच्या वळणाचं असतं. तोंड बाहेर पसरलेलं, गळ्याजवळ दोन कान. त्या अंगाचे दोन अर्धे चाकावर वेगवेगळे करून उभ्या सांध्यानं जोडलेले असतात. म्हणून अंगाच्या खापरावर चाकाच्या रेषा एका मध्यबिंदूभोवती गोल फिरतात आणि त्यांचा अक्ष तोंडाच्या अक्षाशी काटकोनात येतो. मधल्या प्रकारात जार सरळ उभा चाकावर चढवलेला असतो, त्यामुळे रेषा आडव्या आणि काठाला समांतर. खापर तळहाताएवढं असेल, शिवाय खांद्याचा किंवा सांध्याचा भाग त्यात असेल, तर हा फरक पकडता येतो. दोन बोटांएवढ्या तुकड्यावर नाही. मधल्या प्रकाराचं बूडही चाकावरच गोल मिटवलेलं असतं आणि तिथेही रेषा चक्राकारच फिरतात. मग जाडी बघायची. बुडाकडचं खापर मध्याकडे झपाट्यानं जाड होत जातं. आरंभीच्या प्रकाराची बाजू बऱ्यापैकी एकसारखी पातळ राहते.

मधल्या प्रकाराला कान नाहीत. तोंड अरुंद, त्याभोवती जाड कडं. आकार तीन: लांबट अंड्यासारखा (अ), बुटका गोल (ब) आणि खाली निमुळता होत जाणारा गाजरी (क). सपाट बुडाचाही एक प्रकार काही बुडालेल्या जहाजांवर मिळतो, पण कमी. काठाच्या कड्याचा छेद दशकांनुसार बदलत जातो. म्हणून तो 1:1 मापात काढा: आतली रेषा, बाहेरची रेषा, कड्याखालची खाच आणि कडं खांद्याला कुठे मिळतं ते. फोटोवरून छेद कळत नाही. काठाचा तुकडा आकार उतरवणाऱ्या कंगव्याला (प्रोफाइल गेज) टेकवून किंवा करवतीच्या स्वच्छ छेदावरून काढा. जुना तडा असेल तर तोच छेद म्हणून चालतो.

मग हे छेद तारीख पक्की असलेल्या ठिकाणांशी ताडायचे. जहाजं इथे फार उपयोगी, कारण बुडाल्याची तारीख ठाऊक असते. पाद्रे आयलंडची जहाजं 1554. पेन्साकोलाजवळचं इमॅन्युएल पॉइंटचं जहाज 1559 च्या त्रिस्तान दे लुनाच्या ताफ्यातलं. आतोचा 1622. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा ताफा 1715. सामाना उपसागरातली पारा वाहणारी ग्वादालुपे आणि तोलोसा 1724. जमिनीवरच्या स्पॅनिश वस्त्यांत ला इसाबेला (1490 चं दशक) आणि सांता एलेना (1566 ते 1587). सांता एलेना तर नेमकी आरंभीचा प्रकार मागे पडून मधला रूढ होतो त्या काळातली, तुमच्या त्या एका काठासाठी ती आधी बघा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे, नाही. वर म्हटलेली मोठी, खांद्याची किंवा सांध्याची खापरं सोडली तर अंगाच्या खापरावरून फार तर 'ऑलिव्ह जार, बहुधा मधला' इथपर्यंत जा. त्यापुढची तारीख हवी असेल तर ती काठ, स्तर आणि त्याच स्तरातली माजोलिका (पांढऱ्या अपारदर्शक झिलईची भांडी) सांगेल.

पांढरी साय: बहुतेक वेळा लेप नाही. माती चुनखडीयुक्त आणि पाणी क्षारयुक्त असलं की वाळताना क्षार पृष्ठभागावर येतात, भट्टीत त्यांची पांढरी कातडी होते. खापराच्या कडेला पक्कडीनं बारीक ताजा तडा पाडा आणि 10 पट भिंगातून बघा. कातडी असेल तर पांढरा रंग आतल्या गुलाबीत विरत जातो. लेप असेल तर सीमा सुरीनं कापल्यासारखी दिसते. अंगात वाळूचे कण, बारीक छिद्रं आणि कधीकधी राखाडी गाभा असेल. रंग मुन्सेल तक्त्यावर (रंगांच्या ठरलेल्या क्रमांकांचा तक्ता) नोंदवताना ओला की कोरडा ते लिहा, नाहीतर ती नोंद नंतर कुणाच्या कामाची राहत नाही.

---

क्षारमुक्त:

अ‍ॅसिडबद्दल: नको. वर म्हटलंय तसं, या जारांची माती, म्हणजे सेव्हिलच्या आसपासच्या ग्वादालकिवीर नदीच्या खोऱ्यातली, चुनखडीयुक्त. तुम्ही पुटं विरघळवायला जाल आणि त्यासोबत अंगातलं कॅल्शियम कार्बोनेटही विरघळेल. पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि शिशाच्या झिलईची चमक जाते. पुटं यांत्रिकपणेच काढा: ओल्या स्थितीत, लाकडी किंवा बांबूची काडी, मग स्कालपेल, हट्टी जागी हवेवर चालणारा छोटा छिन्नी-पेन. झिलईवर छिन्नी आडवी धरायची, उभी नाही. झिलईखालीच क्षार फुलले असतील तर पुटासोबत झिलईचा पापुद्रा निघतो. अशी जागा दिसली की थांबा आणि ते खापर आधी क्षारमुक्तीला घाला.

अ‍ॅसिडचा एकच उपयोग ठीक: माती चुनखडीयुक्त आहे का ते बघायला ताज्या तड्यावर 10 टक्क्यांचा एक थेंब, फेस बघायचा, लगेच धुवायचं. जुन्या पृष्ठभागावर ही चाचणी फसवते, कारण समुद्री शिंपल्यांचं पुटही तसंच फसफसतं.

समुद्रातला माल अजून ओला असेल तर वाळू देऊ नका. सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं. क्षार आत स्फटिक होतात, पृष्ठभाग खपलीसारखा सुटतो. समुद्राच्या पाण्यातून एकदम गोड्यात टाकू नका. तीन भाग खारं एक भाग गोडं, मग निम्मं-निम्मं, मग एक भाग खारं तीन भाग गोडं, मग नळाचं पाणी, शेवटी आयनमुक्त पाणी. पाणी आठवड्याला बदला आणि दर वेळी बदलण्याआधी वाहकता मोजून तक्त्यात लिहा. आकडा उतरत जाऊन सलग काही बदलांत जागच्या जागी राहिला की खात्रीसाठी सिल्व्हर नायट्रेटची चाचणी: परीक्षानळीत थोडं पाणी, दोन थेंब पातळ नायट्रिक अ‍ॅसिड, मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. पांढरं धुकं आलं तर क्लोराइड अजून आहेत. जाड बुडांना अंगाच्या खापरांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, एकाच टबात ठेवलीत तर पातळ खापरं विनाकारण अडकून पडतात. वाळवणं सावलीत, सावकाश.

नोंदवहीवरून वाटतं की तुमचा माल बरीच वर्षं कोरडाच पडलाय. मग आधी कोरड्या ब्रशनं बघा. पावडर सुटत असेल किंवा पिशवीच्या तळाशी पांढरा चुरा असेल तर तिथे क्षार अजून जागे आहेत. झिलई सुटत असेल तर अ‍ॅसिटोनमधल्या सुमारे 5 टक्के पॅरॉलॉइड बी-72 नं (संवर्धनात वापरायचं अ‍ॅक्रिलिक रेझिन) ती जागा आधी धरा आणि मगच पाण्यात घाला.

मात्र हे सगळं सुरू करण्याआधी आतलं काळं काय आहे ते ठरवा. एकदा पाणी, ब्रश आणि पॅरॉलॉइड लागलं की अवशेषांची चाचणी संपली. तीन काळे असू शकतात. एक, राळ-डांबराचा थर: फक्त आतल्या बाजूला, बारीक तडे गेलेला, जाडी जाणवणारी, कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन टेकवला की तपकिरी रंग उतरतो. दोन, सल्फाइडचा डाग: ऑक्सिजन नसलेल्या गाळात शिशाची झिलई आणि लोखंडाचे अंश काळे पडतात, याला जाडी नसते आणि तो बिनदिक्कत तुटलेल्या कडेवरही पसरलेला असतो. तीन, धूर, म्हणजे चुलीजवळचा पुनर्वापर किंवा आग. तुटलेल्या कडेवर काळं असेल तर ते भांडं फुटल्यानंतरचं, एवढी एक खूण पहिल्या फेरीत पुरते.

राळेचा नमुना घ्यायचा असेल तर नायट्राइल हातमोजे, स्वच्छ स्कालपेल, नमुना अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. प्लॅस्टिक मऊ ठेवणारे त्यातले थॅलेट नमुन्यात उतरतात. सोबत बाहेरच्या बाजूचाही नमुना द्या, म्हणजे मातीतून आलेलं काय ते वजा करता येतं. गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीत डीहायड्रोअबिएटिक आम्ल दिसलं तर पाइनची राळ. त्याच्या जोडीला त्याचं मिथाइल एस्टर आणि रेटीन दिसलं तर लाकूड तापवून काढलेलं डांबर.

त्यावरून वाइन सिद्ध होत नाही. राळ जार गळू नये म्हणून लावत. वाइनसाठी ती नेहमीची, पण राळ लावलेल्या जारात दुसरंही काही जायचं. झिलईचंही तसंच. तेलासाठी झिलईचा जार पसंत असे हे खरं, तरी प्रत्येक हिरवं खापर तेलाचं धरू नका. रिकामा झालेला जार पाण्याला, चरबीला, पुढे बांधकामात भराव म्हणूनही वापरला गेला. सेव्हिलच्या चर्चांच्या कमानी छतांत वजन कमी करायला जार रचलेले सापडतात, आणि ती पद्धत अमेरिकेतही गेली.

---

पाटीवरचा:

अ‍ॅसिड बाजूला ठेवलं. कडेवर काळं असलेली खापरं वेगळी काढली की बराच ढीग 'सल्फाइड' मध्ये जातोय, राळ अगदी थोड्यांवर उरते.

बाकी राहिलं ते भारतीय तुलनेचं. सुंची रीफवरचे साठवणीचे जार याच कुटुंबातले म्हणायचे का?

---

कोकणपट्टी:

नाही. गोव्याजवळच्या सुंची रीफवरचं जहाज पोर्तुगीज, 17व्या शतकाच्या सुरुवातीचं. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं तिथे काम केलं. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, तोफा आणि चिनी भांड्यांच्या जोडीला साठवणीच्या जारांची बुडं मिळाली ती मर्तबान प्रकारची. मर्तबान हे स्टोनवेअर. चांगल्या तापमानाला भाजलेलं, अंग घट्ट, टिचकी मारली तर खणकन वाजतं, बाहेरून गडद तपकिरी किंवा काळपट झिलई, खांद्यावर दोरी ओवायचे छोटे कान, बूड सपाट. ऑलिव्ह जार सच्छिद्र मातीचा, कमी भाजलेला. तो टिचकीला बद्द वाजतो, जिभेला टेकवला तर चिकटतो. (समुद्री आणि रसायन लागलेल्या मालाला जीभ लावू नका, हे सांगायला नको.) आशियाई जलमार्गावर स्पॅनिश जहाजंसुद्धा पाण्यासाठी आणि मालासाठी आशियाई स्टोनवेअर जारच भरभरून वापरत. फिलिपिन्सजवळ 1600 साली बुडालेल्या सान दिएगोवर ते शेकडोंनी मिळाले. म्हणजे 'जहाज स्पॅनिश तर जार स्पॅनिश' हे गणित पॅसिफिकच्या बाजूला फसतं.

टॉर्पिडो जार जास्त जवळचा वाटतो याचं कारण कळतं. कान नाहीत, गळा जवळजवळ नाही, बूड टोकदार, आतून काळं. घारापुरीचे तुकडे एकेकाळी रोमन अ‍ॅम्फोरा (दोन कानांचे माल न्यायचे जार) समजले गेले होते आणि नंतरच्या फेरतपासणीत त्यातले बरेच टॉर्पिडो ठरले, तेव्हा गडबडणारे तुम्ही पहिले नाही. पण दोघांत हजारभर वर्षांचं अंतर आहे: टॉर्पिडो जार इराक-इराणकडचे, सासानी ते आरंभीचा इस्लामी काळ. आतलं काळं तिथे खनिज डांबर, बिट्युमेन. त्यात होपेन आणि स्टेरेन (खनिज तेलाची खूण सांगणारी संयुगं) दिसतात, पाइनची राळ नाही. डोळ्यांनीही फरक कळतो. बिट्युमेनचा थर जाड, मंद, मातीत जिरलेला. पाइनचा थर पातळ, तडकलेला, उजेडात कडेला लालसर. फ्लोरिडात टॉर्पिडो मिळायचा प्रश्नच नाही, पण पोत शिकायला दोन्ही शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

तुमच्या ट्रेमध्ये खरा गोंधळ करतील ते वेगळेच. दोन्ही बाजूंना मधासारखी झिलई असेल तर मेलादो. पांढरी अपारदर्शक झिलई असेल तर माजोलिका, भले अंगाची माती सारखीच असो. सेव्हिलची माजोलिकाही त्याच खोऱ्यातली. आतून हिरवं, पण खापर जवळजवळ सपाट आणि काठ रुंद बाहेर दुमडलेला असेल तर ते लेब्रियो, म्हणजे मोठी परात. 18व्या शतकातल्या स्तरात आतून आणि काठावर पिवळट-हिरवी झिलई, बाहेरून गुळगुळीत, बूड सपाट, आकार रांजणाएवढा असा तुकडा आला तर फ्रान्सच्या बियोट गावचा जार तपासा, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर तो बऱ्यापैकी पोचलाय. ऑलिव्ह जारच्या बाहेरच्या अंगावर चाकाच्या रेषा बहुधा बोटाला लागतात. बियोटला तशा लागत नाहीत.

आणि स्पेनमध्येच काम असेल तर अजून एक: रोमन काळातला ड्रेसेल 20 हा तेलाचा गोल अ‍ॅम्फोरा याच ग्वादालकिवीर खोऱ्यातला. माती तीच, त्यामुळे कान आणि काठ नसतील तर भिंगाखालीही दोघे भाऊ दिसतात.

---

काठ_आणि_बूड:

वरचं सगळं पटलं. एक भर घालतो: 'सेव्हिलचा' हा शिक्काही आपोआप मारू नका. पेरूच्या दक्षिणेला मोकेग्वा खोऱ्यात वाइनच्या मळ्यांवरच भट्ट्या होत्या आणि बोतिहा तिथेच घडत. आकार सेव्हिलच्याच वळणाचा, पण मातीत ज्वालामुखीचे कण. पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की ज्वालामुखीची काच आणि फेल्डस्पार दिसतात. (त्या भागात 1600 च्या हुआयनापुतीनाच्या उद्रेकाची राख हा तारखेचा आयता थर आहे, तुमच्याकडे ती सोय नाही.) फ्लोरिडात स्पेनचा मालच जास्त अपेक्षित, तरी मातीचे दोन गट स्पष्ट वेगळे पडत असतील तर प्रत्येकातली चार-पाच खापरं छेदाला पाठवा.

---

मोजणीवाला:

मोजणीबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि अशा संग्रहात चूक तिथेच होते.

खापरांची नुसती संख्या देऊ नका. एक मोठा बोतिहा फुटला की त्याची ढीगभर जाड खापरं होतात, तर माजोलिकेची एक ताटली थोडक्यात आटपते. टक्केवारी काढली की वाटतं वस्तीत साठवणीशिवाय काही चाललंच नव्हतं. संख्या आणि वजन दोन्ही लिहा आणि किमान भांडी तोंडांवरून मोजा. मधल्या प्रकारात हे सोपं जातं: एका जारला एकच तोंड, व्यास लहान, कडं जाड. व्यासाच्या तक्त्यावर छोटा तुकडाही वर्तुळाचा चांगला हिस्सा दाखवतो. प्रत्येक काठाचा व्यास आणि वर्तुळाचे किती टक्के उरलेत ते नोंदवा. एकाच छेदाच्या, एकाच व्यासाच्या आणि एकाच मातीच्या तुकड्यांचे टक्के मिळून 100 च्या आत असतील तर ते एकाच जारचे असू शकतात. 100 ओलांडले की दुसरा जार नक्की. जाड कडी अखंड टिकतात, म्हणून तोंडं भरपूर आणि अंग कमी असंही दिसतं. तसं असेल तर जुन्या उत्खननात अंगाची खापरं जागेवरच टाकून दिली होती का ते वहीत शोधा.

धारणशक्तीचा अंदाज करताना दोन वेगळे अर्रोबा (जुनं स्पॅनिश माप) आहेत हे विसरू नका. वाइनचा अर्रोबा सुमारे 16 लिटर, तेलाचा सुमारे 12.5. वाइनचा बोतिहा पेरुलेरा सव्वा अर्रोब्याचा धरला तर 20 लिटरच्या आसपास, आणि तो आकार अ. तेलाचा अर्ध्या अर्रोब्याचा जार सव्वासहा लिटरच्या आसपास, तो बुटका ब. वाइनचाच अर्रोबा धरून सगळ्या जारांचे लिटर काढले की तेलाचा आकडा चौथ्या हिश्शाहून जास्त फुगतो. अंगाच्या खापरावरून आकार अ की ब हे ठरवायला बाहेरच्या वक्रतेची त्रिज्या घ्या, आडवी आणि उभी दोन्ही. दोन्ही जवळपास सारख्या आल्या तर गोल, उभी बरीच मोठी आली तर लांबट. खांदा आणि बुडाजवळ हे चालत नाही, फक्त पोटाचा भाग घ्या.

काठावर किंवा खांद्यावर भाजण्याआधी मारलेला शिक्का, किंवा नंतर कोरलेली खूण दिसली तर तिरप्या उजेडात फोटो काढा आणि खूण भाजण्याआधीची की नंतरची ते लिहा. ओल्या मातीत मारलेल्या खुणेच्या कडांना माती उचललेली असते, नंतर कोरलेली खूण पांढरी कातडी फोडून आतला गुलाबी रंग दाखवते. शिक्का कुंभाराकडचा किंवा भट्टीचा असू शकतो, कोरलेली खूण व्यापाऱ्याची किंवा मालकाची. एकाच रकान्यात दोन्ही टाकल्या की पुढे त्या वेगळ्या काढता येत नाहीत.